बांधावरची बोलणी

शरणम्मा अहमदपूरची. गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, डोक्यावर बांगड्यांची दुरडी. नदीच्या वरच्या अंगाची ढाळेवाडी आणि खालच्या अंगाचं बोरवंड, दोन्ही गावं तिच्या फेरीतली. मध्ये जिल्ह्याची हद्द होती, पण तिला तिचं काही वाटत नसे. बाईचा हात मांडीवर घ्यायचा, बोटं दाबत बांगडी चढवायची, आणि तेवढ्यात तिच्या पोटातलं सगळं ऐकून घ्यायचं. बांगडी मनगटात जाईस्तोवर कोणाला उठता येत नसे.

लातूर नवा जिल्हा झाला आणि पुढच्याच उन्हाळ्यात पाण्याची बोंब झाली. ढाळेवाडीनं पात्रात वाळूच्या पोत्यांचा बांध घातला. खाली बोरवंडच्या बायांनी पात्रातल्या वाळूत खोदलेले झिरे आटले. बोरवंड नांदेड जिल्ह्यात. गाव कंधारला तहसिलीत गेलं, तर बांध आमच्या हद्दीत नाही असं उत्तर मिळालं. ढाळेवाडीचे सरपंच अण्णाराव म्हणाले, "आमचा जिल्हा येगळा, आमचं पानी येगळं." बोरवंडचे गडी काठ्या घेऊन बांध फोडायला गेले आणि डोकी फोडून घेऊन आले.

त्याच आठवड्यात शरणम्मा बोरवंडच्या बौद्धवाड्यात चांगुणाचा हात धरून बसली होती. झिरे खोदायला चांगुणा सगळ्यांच्या पुढं असायची. शेजारच्या घरात रेडिओ चालू होता. गंगेच्या पाण्यावरून भारत आणि बांगलादेशाची बोलणी चालल्याची बातमी लागली.

"दोन देशांची एकच नदी?" शरणम्मानं विचारलं. "मग भांडत न्हाईत?"

"भांडतात की. पर बसून भांडतात. उन्हाळ्यात कुणाला किती पानी, ते ठरवून घेतात."

"मग तू बसशील का तारामतीसंगं?"

तारामती म्हणजे अण्णारावांची बायको. चांगुणानं हात ओढला आणि तडकन एक बांगडी वाढली. "त्यांच्या गड्यांनी माझ्या भावाचं डोस्कं फोडलंय, अक्का."

"हाव. म्हणूनच तर ईचारून राहिले."

चांगुणानं फुटलेली काच वेचून बाजूला ठेवली. मग तिनं हात पुन्हा पुढं केला.

दुसऱ्या दिवशी शरणम्मा ढाळेवाडीला गेली. तारामती म्हणाली, "बांध सोडला तर आमची जनावरं मरतील."

"समदं कोण मागतंय? एक दिस तुमचा, एक दिस त्यांचा. तिथली लेकरं गाळ पिऊन राहिलीत गं."

मग तारामती आणि चांगुणा बांधावर भेटल्या, शरणम्मा मधे. आधी लई तोंडातोंडी झाली. शेवटी तारामती म्हणाली, "सोडू. पर उघडू आमीच, झाकूबी आमीच. तुमच्या गड्यांनी बांधाला हात लावायचा न्हाई."

"कबूल," चांगुणा म्हणाली.

अण्णाराव घरात खवळले. तारामतीनं रिकामी घागर त्यांच्यापुढं ठेवली. "उद्यापास्नं पानी तुमी आना, मग बांधाचं तुमीच ठरवा." सकाळी पोती ओढायला तेच पुढं होते, गाल फुगवून.

बोरवंडच्या बाया घागरी घेऊन झिऱ्यांपाशी बसल्या. शरणम्माही त्यांच्यात बसली. ऊन चढलं, वाळू तापली, पाण्याचा पत्ता नाही. वरचं पाणी आधी कोरडी वाळूच पीत होती, पण ते कोणाला दिसणार? "फसवलं," कोणीतरी म्हणालं. "हिला काय, तिकडं बांगड्या विकायच्यात." आज पाणी आलं नाही तर शरणम्माला दोन्ही गावांची दारं बंद.

चांगुणा गुडघ्यावर बसली आणि तिनं झिऱ्यात हात घातला. "गार लागून राहिलंय," ती हळूच म्हणाली. बघता बघता वाळूचा रंग बदलला. तळाशी पाणी पाझरायला लागलं.

गाळ बसल्यावर चांगुणानं पहिला तांब्या भरला, शरणम्माकडं पाहिलं आणि थबकली. बौद्धवाड्यातले हात शरणम्मानं वर्षानुवर्षं हातात घेतले, पण पाणी तिथं तिनं कधी मागितलं नव्हतं, कोणी पुढंही केलं नव्हतं.

"बघती काय? घसा सुकलाय माझा." शरणम्मानं तिच्या हातातून तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि अर्धा रिकामा करूनच खाली ठेवला.

त्या साली ढाळेवाडीची माणसं बोरवंडच्या लग्नांना गेली नाहीत. बांध मात्र एक दिवसाआड उघडत राहिला.