मी लावलेली रांग

मी एका माणसाला फ्लूच्या लसीच्या रांगेत सगळ्यांत मागे पाठवलं आणि त्याच्या वाट्याची लस स्वतः टोचून घेतली.

कॅनडात, कॅल्गरीला आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शिबिर होतं. लसी थोड्या, माणसं जास्त. कोणी सांगितलं नसताना मी रांगेचा मुकादम झालो. आजी-आजोबा पुढे, बाकीचे मागे! तो तिशीचा असेल. "काका, मला जरा आधी…" एवढंच म्हणाला.

"अरे, तू तरणाताठा! लाज वाटू दे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

तो निमूट दाराशी जाऊन उभा राहिला. मास्क सारखा नाकावर ओढायचा, सॅनिटायझरने भेगाळलेले हात पुन्हा चोळायचा, कोणी खोकलं की लांब सरकायचा. मला वाटलं, भित्रा दिसतोय.

शेवटी रांग लावल्याचा मान म्हणून मीच खुर्चीत बसलो. माझ्यानंतर नर्सने रिकामा डबा मिटला.

"काका, बाळ दिवस भरायच्या आधीच झालंय, उद्या घरी येतंय," तो हळूच म्हणाला. "इतक्या लहानाला लस देत नाहीत, म्हणून मला हवी होती. असू दे, फार्मसीत बघतो. तोवर बेसमेंटमध्ये झोपेन."

टोचलेली लस परत काढता येत नाही, नाहीतर तिथेच काढून दिली असती.

मीच मानाने पहिल्या बसवलेल्या नागपूरच्या आजी स्वेटरची बाही खाली ओढत म्हणाल्या, "सगळ्याईले मांगं लावलं रे बापू, सोता काऊन नाई लागला?"