नावाच्या रकान्यात

नवेगाव बांधच्या शाळेत मास्तर होऊन मला तीन वर्षं झाली होती, तेव्हा हुकूम आला की शिरगणतीसाठी तलावाकाठचे दोन टोले, म्हणजे वस्त्या, माझ्याकडे. आधी तहशील कचेरीत बोलावून आम्हा मास्तर-पटवाऱ्यांना तक्ते कसे भरायचे ते शिकवलं. शेवटचा रकाना व्यंगाचा होता. सुपरवायझर म्हणाले, "वेडा, जन्मापासून मुकाबहिरा, दोन्ही डोळ्यांनी आंधळा आणि महारोगी, एवढंच लिहायचं. एक डोळा शाबूत असेल तर तो आंधळा नाही. मागाहून कान गेले असतील तर तो बहिरा नाही. आणि विचारायचं घरातल्या कर्त्याला. त्या माणसाला विचारत बसलात तर दिवस पुरणार नाही."

मला ते पटलं. मी तर वहीत टिपूनही घेतलं.

पहिल्या टोल्यात एका घरी कर्ता म्हणाला, "आमच्या घरी असं कोनी नाही जी." तो बोलत होता तेवढ्यात घरामागच्या तुराट्यांच्या खोपीतून कुणीतरी खोकलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या रकान्यात नाव लागलं की सरकार माणूस उचलून नेतं, अशी तिकडे समजूत होती. मी रकाना कोरा ठेवला आणि पुढे गेलो. बरोबर केलं की चूक, ते मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या टोल्यात मासे धरणाऱ्यांचं एक घर होतं. नवरा-बायको, दोन पोरं आणि नवऱ्याची थोरली बहीण. ती अंगणात जाळं विणत बसली होती, पस्तिशीची असेल. कर्ता एकेकाकडे बोट दाखवून नाव सांगत होता नि मी लिहीत होतो. ती हात थांबवून हे सगळं बघत होती.

"आन् हे माही बहीन. मुकी."

"नाव काय?"

"मुकीच म्हनतो तिले."

"अरे, आईबापांनी काही नाव ठेवलं असेल की नाही?"

"ठेवलं असन. मी तिच्या मागचा हाय जी. मले कळाले लागलं तवापासून मुकीच. माय आता राहिली नाही, कोनाले पुसू?"

मी लिहायला टाक उचलला तशी ती उठली. तिनं सरळ माझं मनगट धरलं. मग हात कमरेशी धरून एवढंसं पोर दाखवलं. कानाला बोट लावून होकारानं मान डोलावली, ओठांपुढे बोटं भरभर नाचवली. पुढे कपाळावर हात ठेवून अंग थरथरवलं आणि दोन्ही कानांवर तळवे दाबले. एवढ्या वयापर्यंत मी ऐकत होते, बोलत होते, मग ताप आला. इतकं मला कळलं.

मग तिनं छातीवर हात ठेवला आणि तोंड उघडलं. घोगरा, दोन तुकड्यांचा आवाज आला. पहिला लांब, दुसरा तोकडा. भावजय हसली. भाऊ म्हणाला, "गुरुजी, कायले येळ घालवून राहिले? असंच करते ते."

ती माझ्या ओठांकडे बघत होती. मी तो आवाज परत म्हणावा म्हणून थांबली होती. ते तिचं नाव होतं, याबद्दल मला शंका नाही. मला सुचलं ते एक नाव मी म्हटलं. तिनं मान हलवली. दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. दर वेळी ती पुन्हा छातीवर हात ठेवून तोच आवाज काढी, आणि दर वेळी तो आधीपेक्षा फाटका निघे. शेवटी मी नावाचा रकाना तसाच सोडला आणि व्यंगाच्या रकान्यात भावाच्या शब्दावर 'मुकीबहिरी' लिहून निघालो.

त्यांची एक आत्या केशोरीला दिली होती. रविवारी मी चालत तिकडे गेलो. म्हातारी ओट्यावर चिंच फोडत होती. "ते पोरगी?" ती म्हणाली. "पाच-सहा वर्साची होती तवा लय बडबडे बाप्पा. मंग तापानं फनफनली आन् कान गेले. हळूहळू बोलनंबी गेलं."

"नाव काय होतं तिचं?"

तिनं फोडलेली चिंच बाजूला सारली. "नाही आठवत. त्या घरात पोरी तं लय झाल्या, जगली तेवढी एकच. तिचं नाव आता कायले पायजे गुरुजी?"

सुपरवायझर तपासणीला आले तेव्हा मी हे सगळं त्यांना सांगितलं. वाटलं होतं, ते काही वाट सांगतील. त्यांनी लाल शाईत टाक बुडवला.

"सहा वर्षांपर्यंत बोलत होती ना? मग जन्मापासून नाही." त्यांनी 'मुकीबहिरी' खोडलं. "आणि नाव कळत नसेल तिथं 'स्त्री' लिहायचं. नियम आहे."

"पण साहेब, तिला ऐकू येत नाही."

"मास्तर, मी कुठे येतं म्हणतोय?" ते रागावले नव्हते. त्यांना अजून सात गावं तपासायची होती.

म्हणजे तिची चौकशी केली नसती, तर निदान तिचं मुकेपण तरी कागदावर राहिलं असतं. मीच केशोरीला जाऊन ते पुसून आलो होतो. मी खाली सही केली.

तक्ते गेल्यावर एका दुपारी ती शाळेत आली. पोरांना सुट्टी दिलेली होती. ती समोर बसली आणि पाटीकडे बोट दाखवून छातीवर हात ठेवला. सगळं लिहून झालं, गेलं, हे तिला कसं सांगायचं ते मला कळेना. मी एकेक नाव पाटीवर लिहून मोठ्यानं म्हणू लागलो. ती ओठ वाचून मान हलवायची. सलग तीन दुपारी हे चाललं. गावातल्या बायांची नावं संपली, देवींची संपली, नद्यांची संपली.

तिसऱ्या दुपारी माझा घसा बसला. मी पाटी खाली ठेवली आणि हात जोडले. तिनं क्षणभर पाहिलं, मग पुढे येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला, पडलेल्या पोराला उठवताना फिरवतात तसा, आणि पदर खोचून तलावाकडे निघून गेली.

जूनमध्ये माझी बदली सौंदडला झाली. तिचं नाव कुणाला आठवलं तर कळव, असं तिकडून मी तिच्या भावाला एक कार्ड टाकलं होतं. त्याला वाचता येत नव्हतं, हे कार्ड पेटीत पडल्यावर आठवलं.