सिल्व्हर कार्ड आणि दहा पायल्या तांदूळ

विमान कंपनीनं आमच्या ह्यांना सिल्व्हर कार्ड पाठवलं तेव्हा हे नाकात नळी घालून खाटेवर बसले होते. सोबत पत्र होतं, ‘आपल्या निष्ठेबद्दल आभार.’ मी म्हटलं, डोंबलाची निष्ठा! राइस मिलच्या काट्यावर तीस वर्षं धूळ खाल्ली, फुफ्फुसांनी हात टेकले, म्हणून दर दोन महिन्यांनी चेन्नईच्या डॉक्टरकडे जावं लागत होतं. रेल्वेचा एवढा लांब प्रवास ह्यांना झेपत नव्हता. मग ब्रह्मपुरीहून नागपूर, नागपूरहून विमान, आणि विमानात वेगळे पैसे भरून ऑक्सिजन. तीन वर्षं हेच चाललं. विमानप्रवासाचे पॉइंट साठले आणि कार्ड मिळालं ते असं. शेजारीण कार्ड उलटंपालटं करून म्हणाली, ‘बाई, यात चांदी कुठी हाये?’ मी म्हटलं, आमच्या घरात आहे तेवढी यातच आहे, माय.

त्यातच लेकीचं लग्न झालं. मांडवात ह्यांच्या खुर्चीशेजारी सिलिंडर उभा. अल्बम काढला की प्रत्येक फोटोत तो आहेच, जसा काही वरबापच. हे तो अल्बम उघडत नाहीत.

पण देव पावला म्हणा, औषध लागू पडलं म्हणा. नळी आधी दिवसा सुटली, मग रात्री सुटली. डॉक्टर म्हणाले, आता सहा महिन्यांनी या. पुढच्या खेपेपर्यंत विमानात खबरदारी म्हणून ऑक्सिजन घेत होतो, तेव्हा म्हणाले, आता तोही नको, वर्षानं या. त्याच सुमारास बंगलोरहून लेकीचा फोन आला, मुलगी झाली, बारशाला दोघंही या. हे म्हणाले, ‘येतो. पण फाइल घेणार नाई, सिलिंडर नाई, काईच नाई. पोरीच्या दारात मले पेशंट म्हणून जायचं नाई. तू फाइल घेतली तं मी घरीच राहीन.’

फाइल म्हणजे त्यांच्या आजारपणाचे सगळे कागद. ती सोडून घराबाहेर पडायचं म्हणजे माझा जीव वरखाली. पण हो म्हटलं.

तिकीट साठलेल्या पॉइंटांवर काढायचं ठरलं. नेहमीच्या ऑनलाइन सेंटरवर गेले. तिथले भाऊ आमची तिकिटं काढून काढून म्हातारे व्हायला आले होते. त्या दिवशी गर्दी फार, कोणाचा सातबारा, कोणाचा जातीचा दाखला. मी दारातूनच म्हटलं, ‘भाऊ, बंगलोरचं काढा. बाकी सगळं मागच्यासारखंच.’ किराणा असो की तिकीट, आमच्याकडे अशीच ऑर्डर जाते. ओटीपी सांगितला आणि घरी आले.

मग तांदूळ. आमच्या घरात लेकीला द्यायचा तांदूळ पायलीनं मोजतात, काट्यावर ठेवत नाहीत. लेकीचं देणं तोलायचं नसतं असं सासूबाई सांगून गेल्या. मी त्यांचीच पायली काढली, दहा वेळा शिगोशीग भरून पोत्यात ओतली आणि तो कट्टा शिवून टाकला. हे बघत होते. ज्या माणसानं जन्मभर काटा सांभाळला त्याला वजन डोळ्यांना दिसतं, पण बोलले नाहीत.

नागपूरची बस उमरेडला थांबली तेव्हा माझा मोबाइल वाजला. विमान कंपनीचा मेसेज होता, ऑक्सिजन सेवेचं शुल्क म्हणून उरलेले पॉइंट कापले आहेत, बाकीची रक्कम काउंटरवर भरा, डॉक्टरांचा फॉर्म दाखवा, नाहीतर विमानात बसता येणार नाही. ह्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. चेहरा एकदम उतरला. पिशवी उचलली आणि म्हणाले, ‘मी इथीच उतरतो. तू जा.’

मी दंडच धरला. ‘खबरदार उतरले तर! उद्या बारसं आहे. मी भांडते ना. तुम्ही फक्त चला.’

‘त्याइच्या कागदावर मी पेशंटच हावो ना अजून,’ एवढंच म्हणाले आणि खिडकीकडे तोंड केलं. नागपूर येईपर्यंत मी मनातल्या मनात त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

काउंटरवर नागपूरचीच पोरगी होती. मी पदर खोचला. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय, माझा आवाज काही लहान नाही. ‘मागितला कोणी ऑक्सिजन? न मागता कापायचे हे कुठलं शहाणपण? हीच का तुमची निष्ठा?’ मागची रांग माना उंचावून बघायला लागली. पोरगी बिचारी म्हणाली, ‘मॅडम, रिक्वेस्ट तुमच्याच बुकिंगमध्ये दाखवून राह्यलं. मागच्या सगळ्या बुकिंगमध्ये पण आहे.’

मागच्या सगळ्या. मागच्यासारखंच.

अगा माय! मीच तर सांगितलं होतं. भाऊंनी इमानानं सगळं मागच्यासारखं भरलं होतं, ऑक्सिजनसकट. माझा आवाज असा बसला की विचारू नका. चूक माझी, आणि रांगेसमोर गळा मी काढलेला.

पोरीनं साहेबांना बोलावलं. साहेब समजूतदार, पण त्यांचंही खरं होतं. ‘आजी, रिक्वेस्ट काढून टाकतो. पण ज्यांना दर वेळी ऑक्सिजन लागला त्यांना कागदाशिवाय कसं बसवू? वर काही झालं तर?’ कागद घरच्या कपाटात. मी ह्यांच्याकडे पाहिलंच नाही. पाहायची हिंमत नव्हती.

तेवढ्यात पोरगी म्हणाली, ‘तोवर सामान तर ठेवा.’ कट्टा खाली पडला होता. मी वाकणार, तर ह्यांनी मला बाजूला केलं, कट्ट्याला मिठी घातली आणि एका झटक्यात काट्यावर ठेवला. काटा कुठल्या कुठे गेला. साहेब म्हणाले, ‘अरे बापरे, बरंच जास्त आहे. आणि आजी, पेशंट कुठे आहेत? त्यांना समोर आणा.’

मी म्हटलं, ‘हे काय, कट्टा उचलणारे!’

साहेब कट्ट्याकडे बघतात, ह्यांच्याकडे बघतात. हे ना धापले, ना खोकले. उलट काट्याचा आकडा वाचून मला म्हणाले, ‘मले घरीच समजलं होतं. पण लेकीचं हाये, मी कायले बोलू?’ मागच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं आणि मग साहेबही हसले.

नियम तरीही नियमच. विमानतळावरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ह्यांच्या बोटाला चिमटा लावला, छाती तपासली. मी दारात उभी राहून सगळ्या देवांचा धावा केला. डॉक्टर म्हणाले, ‘एकदम चांगलं आहे. काका, जा बिनघोर.’ आणि चार ओळी लिहून दिल्या. ते ऐकून मला तिथेच रडू आलं. हे म्हणाले, ‘रडतं काऊन वं? पास झालो ना मी.’

शुल्क रद्द झालं. तांदळाचं जास्तीचं वजन सिल्व्हर कार्डाच्या सवलतीत बसलं, तेवढा उपकार त्या कार्डाचा मानते. पॉइंट मात्र तीनदा लिहिल्यावर परत आले, सेंटरच्या भाऊंनीच लिहिलं. मी त्यांना काही बोलले नाही. काय तोंडानं बोलणार होते?

बारशाच्या फोटोत ह्यांच्या मांडीवर नात आहे. शेजारी कोणी उभं नाही.

त्यानंतर वर्षभर आम्ही फक्त एकदा चेन्नईला गेलो, तेही लांबची तारीख घेऊन यायला. परवा अंगणात शेंगा सोलत बसलो होतो, तर मोबाइल वाजला. ह्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, ‘यंदा आपला प्रवास कमी झाल्यामुळे आपलं सिल्व्हर कार्ड बंद होत आहे. आम्हाला आपली उणीव भासते.’

‘भासू दे,’ हे म्हणाले आणि शेंगा सोलायला लागले.

मी उठले, आत गेले आणि देवापुढे साखर ठेवली.