कोपऱ्यातला ठिपका

भिंगारच्या बाजारामागे एका जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर माझे वडील एकटे राहतात. त्यांच्या गॅलरीत बारा महिने नाताळची चांदणी टांगलेली असते. प्लॅस्टिकची, लाल, आत साधा बल्ब. आई गेली ती नाताळनंतरच्याच आठवड्यात, आणि त्या गडबडीत चांदणी उतरवायची राहून गेली. पुढे पप्पांनी ती उतरवूच दिली नाही. चर्चमधल्या बायका चेष्टा करायच्या, उन्हाळा आला तरी तुमच्याकडं नाताळ चाललाय म्हणायच्या. पप्पा एवढंच म्हणत, "राहू द्या, पोरीला रस्त्यावरनं दिसती."

पोरगी म्हणजे मी, पन्नाशीला टेकलेली. नगरच्या एका कॉलेजात मी साहित्य आणि सिनेमा शिकवते आणि पाथर्डी रस्त्याला, भिंगारच्या पुढे राहते. पप्पा मोबाईल कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली ठेवतात, कुणी केलाच फोन तर उचलत नाहीत. त्यावरून भांडून भांडून मी थकले आणि शेवटी आमचं ठरलं, की दिवेलागणीला त्यांनी चांदणीचं बटण दाबायचं. मी घरी जाताना रस्त्यावरून बघायचं. चांदणी लागलेली असली की पप्पा ठीक आहेत. वर मी रविवारी जायची.

पप्पा थिएटरात सिनेमाचं मशीन चालवणारे ऑपरेटर होते. लहानपणी शाळा सुटली की मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसायची. दोन मशिनं होती. एका मशिनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका चमकून जायचा. तो दिसला की पप्पा दुसऱ्या मशिनची मोटर चालू करायचे. मग थोड्या वेळाने दुसरा ठिपका यायचा, आणि त्या क्षणी मशीन बदलायचं. चुकलं तर पडदा पांढरा, आणि खाली शिट्ट्या. "पिक्चर लोकांनी बघायचा," पप्पा म्हणायचे, "आपण कोपरा बघायचा." मला त्या दोन ठिपक्यांमधल्या वेळाची फार भीती वाटायची. मी फ्रॉकचं टोक मुठीत धरून बसायची.

पुढे मी तेच बघणं शिकवायला लागले. मुलं पेपरात लिहितात, लाल रंग म्हणजे धोका, पांढरा रंग म्हणजे शांती. मला संताप येतो. मी त्यांना सांगते, बाबांनो, रंगांचा शब्दकोश नसतो. दिग्दर्शक किंवा लेखक एखादी वस्तू पहिल्यांदा दाखवतो तेव्हा ती नुसती वस्तू असते. पुन्हा पुन्हा दाखवली की ती ओळखीची होते, आपण नकळत तिची वाट बघायला लागतो. आणि मग एकदा ती तिथे नसते. कुणी रडत नाही, कुणी काही बोलत नाही, नुसती रिकामी खुंटी दिसते, आणि आपल्याला सगळं कळतं. त्याला मोटिफ म्हणायचं. दरवर्षी हे सांगताना वर्ग गप्प होतो. खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. कॉलेजातून निघायला जरा उशीर झाला होता. भिंगारमध्ये शिरले, नेहमीच्या वळणावर मान वर केली, आणि गॅलरी काळी होती.

वीज गेली असेल म्हणून मी आजूबाजूला बघितलं. शेजारच्या खिडक्यांत उजेड होता, खाली किराणा दुकानात ट्यूब जळत होती. गाडी कडेला घेतली आणि फोन लावला. रिंग वाजत राहिली. ती कपाटातल्या कपड्यांखाली वाजत असणार हे मला माहीत होतं, तरी मी दोनदा लावला. गाडीची किल्ली काढायचं सुचेना.

जिना चढताना मला माझ्या डोक्याचाच राग आला. इतकी वर्षं जे शिकवलं ते सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं. अशा वेळी कॅमेरा हळू चढतो. दार अर्धवट उघडं असतं. आत रेडिओ चालू असतो आणि ऐकणारा नसतो. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, दार लावलेलं असू दे. दार अर्धवट उघडं होतं. आत रेडिओ चालू होता.

खोलीत अंधार होता आणि पप्पा खुर्चीत होते, मान किंचित खाली. चौकट धरून मी उभी राहिले. तेवढ्यात त्यांनी रेडिओचा आवाज कमी केला.

मी बाजूने जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तसे ते इतक्या जोरात दचकले की खुर्ची हलली.

"कोन हाय?"

"मी आहे, पप्पा."

त्यांनी मान पूर्ण वळवली, अख्खी, आणि मग त्यांना मी दिसले. मी दिवा लावला आणि भीतीचं काय करायचं ते न कळून त्यांच्यावर ओरडले. चांदणी का नाही लावली? मी खाली मेले असते, कळतं का तुम्हाला?

"लावली की," पप्पा म्हणाले. "कवाच लावली."

मी बटण बघितलं. ते दाबलेलं होतं. गॅलरीत जाऊन बघितलं, बल्ब गेला होता. एवढंच होतं. मला हसू आलं, मी कठड्याला हात टेकवून हसलेसुद्धा. आणि हसता हसता थांबले. त्यांच्या खुर्चीला लागूनच गॅलरीचं दार होतं. चांदणी लागली की तिचा लाल उजेड थेट त्यांच्या खुर्चीच्या हातावर पडतो. तो नाही हे त्यांना कळलं नव्हतं.

मग एकेक रविवार मला आठवायला लागला. टेबलाच्या कडेवर ठेवलेला कप पडून फुटला होता, मी काच गोळा केली होती. खांद्यावर काळानिळा डाग होता, चौकट लागली म्हणाले होते, मी हळद लावून दिली होती. बाजूने बोललं की मान वळवायचे, मी म्हटलं होतं मान आखडलीय, शेक घ्या. गॅलरीतली तुळस सुकली होती, कारण उंबऱ्यात अडखळतात म्हणून त्यांनी गॅलरीत जाणंच सोडलं होतं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येत होतं, आणि मी दर रविवारी चहा पिऊन परत जात होते.

मी त्यांच्या समोर खाली बसले. "पप्पा, कडेचं दिसत नाही का तुम्हाला?"

त्यांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "मधलं दिसतंय चांगलं. तू दिसती, पेपर वाचतो. कडंचं न्हाई. उन्हाळ्यापासनं लईच कमी झालं."

"मग बोलला का नाहीत?"

"भ्या वाटलं," ते म्हणाले. माझ्या वडिलांच्या तोंडून हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मग रेडिओच्या बटणाशी चाळा करत म्हणाले, "पिक्चर दिसंल मला अजून. ठिपका न्हाई दिसायचा."

नंतर मी खालून बल्ब आणला, स्टुलावर चढून लावला. चांदणी पेटली, लाल उजेड खुर्चीच्या हातावर पडला. पप्पा सरळ समोर बघत होते.

"लागली का?" त्यांनी विचारलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, गेलं ते परत येत नाही. उरलंय ते राखायचं, थेंब चुकवायचे नाहीत. किती राहील, किती दिवस राहील, हे ते सांगू शकले नाहीत. माझ्याकडे चला म्हटलं तर पप्पा ऐकत नाहीत, ही खोली त्यांना अंधारातही पाठ आहे म्हणतात. त्या बोलण्याने मी आणखी घाबरते.

चांदणी रोज लागते. पूर्वी तिच्याकडे बघून मी पुढे निघून जायची. आता ती लागलेली दिसली तरी मी थांबते, कारण तिच्यावरून फक्त बटण दाबलंय एवढंच कळतं. मी गाडी लावते, वर जाते. बाजूने जात नाही. दारात मधोमध उभी राहते, आणि पप्पांनी मला बघेपर्यंत हलत नाही.