मोरागच्या शेजारचा त्रिकोण

कॅनडातल्या आमच्या केप ब्रेटनच्या किनाऱ्यावर कुठंही खडा मारा, लागेल तो मॅकडोनल्डलाच. त्यामुळं नुसतं आडनाव सांगून कुणाचं भागत नाही. नावामागं बापाचं, त्यामागं आजोबाचं लावायचं; डॅन ॲलन रॉरी म्हणजे रॉरीच्या ॲलनचा डॅन. इशबेलनं कॉलेजात मानववंशशास्त्र घेतलं तेव्हा गावानं तिची यथेच्छ टर उडवली. चार वर्षं घालवून पोरगी शिकणार काय, तर कोण कोणाचं. ते तर आमचा पोस्टमन फुकटात सांगतो.

पण तिसऱ्या वर्षी गावाच्या नात्यांचा तक्ता काढायला बसली, आणि तिला जे दिसलं ते पोस्टमनही कधी बोलला नव्हता. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे वर्तुळ, मेलेल्यावर तिरकी रेघ. एकशे बारा माणसं बापाच्या नावानं शिस्तीत खाली उतरत आली. एकटी जीन मोराग, म्हणजे मोरागची जीन, तेवढी आईच्या नावानं ओळखली जात होती, आणि ती इशबेलची सख्खी आजी. जन्मभर हे नाव कानावरून गेलं, पण या हुशार बाईच्या डोक्यात कधी प्रकाश पडला नाही! तिनं मोरागच्या शेजारी एक रिकामा त्रिकोण काढून ठेवला.

त्या त्रिकोणातला माणूस तिला टेसीनं सांगितला. टेसी एक्क्याण्णव वर्षांची, हेक्टर रॉरीची बायको, आता विधवा, आणि आजीची पत्त्यांतली जोडीदारीण. मुलाखतीआधी इशबेलनं नेहमीचा कागद वाचून दाखवला, की तुम्ही सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय कुणापर्यंत जाणार नाही, आणि खाली सही केली. टेसीनं त्या कागदाची घडी करून बायबलात ठेवली. मग म्हणाली, माझ्याशी लग्न व्हायच्या आधी हेक्टरचं मोरागशी सूत जुळलं होतं, जीन त्याची मुलगी. मी आहे तोवर जीनला हे कळता कामा नये. कॉलेजातल्या सरांनी तर पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की ज्याला तोंड आवरत नाही त्यानं दुसरा विषय बघावा.

तक्ता सोमवारी द्यायचा होता. शनिवारी दुपारी आजीनं ओटकेकची ताटली बाजूला सारली आणि बघू तरी म्हणत कागद टेबलावर पसरायला लावला. चष्मा चढवून ती बोट फिरवत आपल्या वर्तुळापाशी आली, आणि तिथून वर मोरागशेजारच्या रिकाम्या त्रिकोणावर. आजी चिडेल, तक्ता फाडेल, या तयारीनंच इशबेल बसली होती.

"हा कोण?" आजीनं विचारलं.

"तुला माहीत असेल ना."

"मला कोण सांगणार? आई तोंड मिटून गेली. गावाला सगळं ठाऊक, पण माझ्यासमोर सगळे हवापाण्याचं बोलतात. बहात्तर वर्षं झाली, पोरी. तू वही घेऊन घरोघर फिरलीस. कुणीतरी बोललंच असेल."

मला सांगता येत नाही, इशबेल कशीबशी म्हणाली. आजीनं चांगलं फैलावर घ्यावं असं तिला मनापासून वाटत होतं. पण आजी नुसती मान डोलावत राहिली, आणि तेच तिला सहन होईना.

"मग तू बोलूच नकोस. मी नावं घेते."

आजीनं आधी शाळेतल्या जुन्या मास्तरांचं नाव घेतलं. इशबेलची मान आपसूक हलली, नाही. मग खाणीतल्या एका मुकादमाचं. नाही. तिसऱ्यांदा मान हलवताना तिच्या लक्षात आलं, की आपण पुरते अडकलो. आता मध्येच थांबलं तरी ते सांगितल्यासारखंच, उठून गेलं तरी तेच. एकच वाट उरली होती. खरं नाव आलं की तशीच मान हलवायची, टेसीला दिलेला शब्द राखायचा आणि आजीला खोटं सांगून बसायचं.

"हेक्टर?" आजी म्हणाली.

इशबेलनं मान हलवायचं ठरवलं होतं. अगदी पक्कं ठरवलं होतं. पण मान काही हलेना, आणि आजीची नजर तिच्यावरून हटेना.

आजीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. इशबेलला रडू कोसळलं. मी टेसीला शब्द दिला होता, मला सोमवारी सरांकडं जाऊन हा विषय सोडला पाहिजे, असं काहीबाही ती बोलत सुटली. आजीनं तिला गप्प केलं. तक्त्यावर काही लिहू नकोस, म्हणाली, आणि टेसीपाशी अवाक्षर काढू नकोस. गुरुवारी पत्ते आहेत, मी नेहमीसारखी जाणार आहे.

मग तिनं त्या रिकाम्या त्रिकोणावर बोट ठेवलं.

"हेक्टरच्या मयताला टेसीनं माझा हात धरला होता," ती म्हणाली. "चर्चात पुढच्या बाकावर माझ्याशेजारी ये, म्हणून. सोडेच ना हात. मी म्हटलं, अगं, ती जागा घरच्यांची. आणि मागं स्वयंपाकघरात जाऊन लोकांच्या चहाचे कप विसळत बसले."