अविश्वास ठरावाची सहल

आमच्याकडे सरपंचावर अविश्वास ठराव आणायचा म्हटलं की आधी बॅगा भरतात. तहसीलदारांकडे नोटीस दिली की त्याच संध्याकाळी सदस्यांना गाडीत घालून लांब कुठेतरी नेतात आणि मतदानाच्या दिवशी थेट ग्रामपंचायतीच्या दारात आणून उतरवतात. मधल्या दिवसांत समोरच्याने कुणाला फोडू नये म्हणून. याला सहल म्हणतात. पेपरवालेही बिनदिक्कत ‘सदस्य सहलीवर’ असं छापतात आणि वाचणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. मला त्या शब्दाचाच संताप येतो. शाळेतली पोरं सहलीला जातात. ही माणसं लपायला जातात, आणि लपतात कुणापासून, तर ज्यांनी त्यांना निवडून दिलं त्यांच्यापासून.

मी स्वतः सदस्य होते. गाव पुणतांब्याकडचं, नदीकाठचं. आमच्या वस्तीचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि मी निवडून आले. नदी हाकेच्या अंतरावर, तरी वस्तीच्या विहिरींचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नाही. गावात टाकी झाली, पाइपलाइन निघाली, सरपंचाच्या गोठ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. त्याच्या गाई हंबरल्या की आम्हाला घरात ऐकू येतं, इतका तो गोठा जवळ. त्या गाई टाकीचं गोडं पाणी पिणार, त्याच पाण्याने त्यांना धुणार, आणि गाई धुऊन झाल्या की आमच्या बायकांनी तिथल्या गड्याची विनवणी करून हंडे भरायचे. गड्याचं डोकं ठिकाणावर नसेल त्या दिवशी रिकामा हंडा घेऊन परत. ग्रामसभेत मी विचारलं की सरपंच हसून म्हणायचा, “पुढलं काम मंजुरीत हाय, बसा तुमी.” मी बसायचे आणि दात-ओठ खायचे.

म्हणून ठरावाच्या नोटिशीवर मी सर्वांत आधी सही केली. आम्ही एकूण नऊ सदस्य, ठराव मंजूर व्हायला सहा हात लागत होते आणि सरपंचाच्या विरोधात आम्ही बरोबर सहाच होतो. एकही कमी पडून चालणार नव्हतं.

संध्याकाळी गाडी अंगणात आली. आमच्या गटाचा पुढारी, तोही सदस्यच, खिडकीतून ओरडला, “चला वहिनी, बसा पटकन. आदी देवीला जाऊ, भंडारा उचलू, मंग तिथून कोकनात. मोबाईल मातर बंद करून माज्याकडं द्यायचा.”

भंडारा उचलायचा म्हणजे देवीपुढे हळद हातात घेऊन शपथ घ्यायची, फुटणार नाही म्हणून. सदस्यबाई असेल तर तिच्याबरोबर तिच्या नवऱ्यालाही नेतात, त्यामुळे आमचे हे नवा शर्ट घालून मघापासून तयार बसलेले. समुद्र त्यांनी अजून पाहिला नव्हता. निवडून मी आले होते, पण माझी बॅगसुद्धा मला न विचारता यांनीच भरली होती.

“मी न्हाई येनार,” मी म्हणाले. “मतदानाच्या दिवशी मी येते आन् हात वर करते. तवर हितंच हाय. वस्तीतल्या बायकांनी मला मतं दिली, त्यांच्यापासनं काय म्हून लपू?”

पुढारी गाडीतून उतरला. “वहिनी, समदेच जात्यात. तुमी मागं राहिला तर लोक काय म्हनतील?”

“काय म्हनतील?”

त्याने नुसतं यांच्याकडे पाहिलं. हे मला आत घेऊन गेले आणि म्हणाले, “अगं, तुला राजकारण कळत न्हाई.” माझ्या डोक्यात तिडीकच गेली. “हे राजकारण आसंल तर न्हाई कळत,” मी म्हणाले आणि बॅगेतलं लुगडं काढून परत फडताळात ठेवलं. गाडी माझ्याशिवाय गेली. हेही मागेच राहिले, आणि त्या दिवसापासून यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

हल्ली मोबाइलवर शहाणी माणसं लोकशाही कशी सुधारायची यावर तासन् तास बोलतात. निवडून दिलेल्याला परत बोलावण्याचा हक्क हवा, त्याच्याकडून दरवर्षी जाब घ्यायला हवा, असं बरंच काही. मी ते चिडत चिडत पूर्ण ऐकते. परत बोलावण्याचा हक्क घेऊन काय करायचं, बोलवायचं म्हटल्यावर माणूस कोकणात सापडतो आणि त्याचा मोबाइल तिसऱ्याच्या खिशात असतो. सदस्याने गावात राहायचं आणि मत द्यायचं ते मतदारांच्या डोळ्यांदेखत, एवढं तरी आधी करा, असं मला त्यांना ओरडून सांगावंसं वाटतं.

सहल निघाल्यावर दोनच दिवसांत सरपंचाची जीप माझ्या दारात उभी राहिली. मी त्याला चहा काय, पाणीही विचारलं नाही. विचारायचं तर ते त्याच्याच गोठ्यावरून आणावं लागलं असतं, हेही त्याला सुनावलं. तो हसला. म्हणाला, “वहिनी, राग सोडा. तुमच्या दारात नळ येईल उद्याच्या उद्या. तुमी फक्त मीटिंगला तेवडं आजारी पडा.”

“वस्तीला द्या नळ,” मी म्हणाले.

“वस्तीचं बघू.”

“मग ऊठ,” मी म्हणाले. मोठ्या माणसाला मी पहिल्यांदाच एकेरी बोलले आणि मला बरं वाटलं. तो उठून गेला. पण जीप दारात उभी असलेली सगळ्या वस्तीने पाहिली होती. कुणीतरी मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि तो कोकणात पुढाऱ्याच्या मोबाइलवर पोचला. जी बाई सहलीला आली नाही आणि जिच्या दारात सरपंचाची जीप उभी राहिली, ती विकलीच गेली असणार, असा हिशेब तिथे लॉजवर बसून त्यांनी केला. एकानेही मला फोन करून विचारलं नाही. आमच्या गावात माणूस न विकला जाता घरी बसू शकतो, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझा हात नाही म्हणजे ठराव पडलाच, मग पडणाऱ्या ठरावापायी वैर कशाला घ्या, म्हणून पुढाऱ्याने तिथूनच सरपंचाला फोन लावला आणि स्वतःला उपसरपंचपद मागून घेतलं. हे मला नंतर कळलं.

मतदानाच्या दिवशी वस्तीच्या बायका कामं टाकून ग्रामपंचायतीपुढे लिंबाखाली येऊन बसल्या होत्या. सहलीची गाडी आली. सगळे उन्हाने रापलेले, एकाच्या डोक्यावर समुद्रावरची टोपी. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. आम्ही आत गेलो, पोलिसाने दार लावून घेतलं. तहसीलदार म्हणाले, “ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा.”

मी हात वर केला आणि बाजूला पाहिलं. पुढारी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होता. बाकीचे हात मांडीवर. त्या खोलीत माझा एकटीचा हात वर होता. पुढाऱ्याने मान वर करून तो पाहिला तेव्हा त्याचा चेहरा पडला. मी खरीच होते हे त्याला तिथे कळलं. तरी त्याने हात उचलला नाही.

“साहेब,” मी उभी राहिले, “दार उघडा आन् बायकांच्या म्होरं परत हात वर करायला सांगा.”

“तसं नियमात नाही, ताई.”

“मग नावं तरी सांगा बाहेर. कुनाचा हात वर हुता तेवडं सांगा.”

“ते इतिवृत्तात येईल,” तहसीलदार म्हणाले आणि कागद आवरू लागले.

दार उघडलं तेव्हा पुढारी माझ्या आधी बाहेर पडला होता. तो लिंबाखाली जाऊन मोठ्याने सांगत होता, “आमी काय करनार? वहिनीनं घात केला. जीप कुनाच्या दारात उभी हुती ते तुमी बगितलंच.” मी ओरडून ओरडून सांगितलं की हात माझा एकटीचाच वर होता. तोवर सरपंचाच्या पोरांनी गुलाल उधळायला सुरुवात केली होती, ताशा वाजत होता. माझं बोलणं कुणापर्यंत गेलं कुणास ठाऊक. बायका उठून चालायला लागल्या. हे पायरीवर उभे होते, तेही उतरून त्यांच्यामागे घराकडे निघाले.

आमच्या शेजारची म्हातारी तेवढी थांबली. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिच्याबरोबर हंडे वाहिले आहेत. तिने माझ्या केसांतला गुलाल पदराने झटकला. मला वाटलं, हिने तरी ऐकलं असेल.

“जाऊ दे, सूनबाई, झालं ते झालं,” ती म्हणाली. “आता तुज्या दारातला नळ कदी बसनार, तेवडं सांग. आमी तिथंच येत जाऊ पान्याला. गोठ्यापरीस बरं.”