हूड नव्हतं त्या डिसेंबरातले बारा फोटो

गच्चीवर काढलेले फोटो कुठे आहेत, असं तुम्ही तिघा नातवंडांनी मिळून मला चार वेळा विचारलंत. चारही वेळा मी "अजून पुण्याहून धुऊन यायचेत" असं सांगितलं. ते खोटं होतं. फोटो येऊन दोन महिने झाले. माझ्या कपाटात, विम्याच्या कागदांखालच्या पाकिटात आहेत. आज सगळं क्रमाने लिहिते.

आबांचा जुना कॅमेरा तुम्ही पाहिलात. चौकोनी, वरून आत डोकावून बघायचा. त्याला दोन भिंगं, एकावर एक. वरच्यातून आबा बघायचे, खालच्यातून फोटो निघायचा. खालच्या भिंगावर काळ्या पत्र्याचं एक छोटं झाकणासारखं कडं बसायचं. त्याला हूड म्हणतात. उन्हात आपण कपाळावर हात धरतो ना, तेच काम त्याचं; तिरीप काचेवर पडली की फोटो पांढरा पडतो.

आबा गारगोटी, आजऱ्यापर्यंत लग्नाचे फोटो काढायला जायचे. माणसांना नेहमी उन्हाकडे पाठ करून उभं करायचे, म्हणजे केसांच्या कडा उजळतात. "हूड न्हाय तर फोटो न्हाय," असं नवऱ्यामुलाच्या बापालाही तोंडावर सांगायचे.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, आणि आबांचं हत्यार म्हणजे हा कॅमेरा. हळदकुंकू काचेला लागू नये म्हणून ते हूड चढवून कॅमेरा पाटावर ठेवायचे आणि मी हुडाला बोटं टेकवायची. लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकलं नाही. गेल्या खंडेनवमीला हुडाच्या खाचेत कुंकू बसलेलं मला दिसलं. आबांना ते दिसलं नसतं. त्यांचा उजवा डोळा आधीच गेला होता, आणि डाव्याचं डॉक्टर काही सांगत नव्हते. मी हूड फिरवून काढलं, धुवायचं म्हणून फुलांच्या ताम्हनात ठेवलं, तेवढ्यात दूध उतू गेलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडू, आपट्याची पानं, सगळं कागदात बांधून मी घाटावरच्या निर्माल्यकुंडात टाकून आले. पंचगंगेत काही टाकायचं नाही आणि निर्माल्य घरात साठवायचं नाही, हे माझे नियम तुम्हाला पाठ आहेत.

तुम्ही येणार असा फोन आला तेव्हा आबांनी फ्रिजमधला शेवटचा रोल बाहेर काढला. बारा फोटोंचा.

"पोरं आली की गच्चीवर, चार वाजता. डोळा हाय तवर एकदा."

मग कॅमेऱ्याची पिशवी उघडली. "अगं, हूड कुठं ठेवलंस?"

मला त्या क्षणी ताम्हन दिसलं. मी सांगून टाकलं. आबा ओरडले नाहीत. "देवालाच फोटो काढायचा आसंल," म्हणाले.

मी घाटावर गेले. तिथला माणूस हसला. "आज्जी, दसऱ्याचं निर्माल्य? त्याचं खत झालं की."

"पत्र्याचं होतं हो."

"मग खतात हाय. कुणाच्या बागंत गेलं, मी काय सांगू?"

उद्यमनगरात आबांच्या ओळखीचा एक लेथवाला आहे. त्याने भिंगाचा काठ मोजला. "काकी, पंपाचे पार्ट करतोय आम्ही, ह्याचं काय एवढं!" दोन दिवसांनी त्याने ॲल्युमिनियमचं कडं आणून दिलं. आबांनी ते डाव्या डोळ्याजवळ नेलं. "आतनं चमकतंय की रं. हे ऊन अडवायचं सोडून आत वडंल." काळा रंग देतो म्हणाला, पण ते भिंगाच्या खाचेतच बसेना. जोर लावायची वेळ आली तेव्हा त्याने हात मागे घेतले. "नको. माझ्या हातनं मोडलं तर आबा मला कोल्हापुरात ऱ्हाऊ द्यायचं न्हाईत."

मी काळ्या कागदाची नळी केली. त्या दिवशी गच्चीवर ती वाऱ्याने शेजाऱ्यांच्या पत्र्यावर गेली तेव्हा तुम्ही खूप हसलात.

"अहो, मग सावलीत काढा," मी म्हणाले.

"सावलीत आधारकार्डाचा काढत्यात."

कॅमेरा स्टँडवर होता. सुरुवातीचे चार फोटो त्यांनी तसेच काढले. मग उन्हाच्या बाजूने डावा तळवा खालच्या भिंगाजवळ आडवा धरला आणि उरलेले आठ काढले.

आता फोटोंचं. पहिल्या चारांत पांढरं धुकं आहे, तुमच्या चेहऱ्यांच्या जागी दुधाळ डाग. उरलेल्या आठांत आबांचा हात आलाय. मोठा, काळपट, अस्पष्ट. थोरलीचा अर्धा चेहरा त्यामागे गेला, मधल्याचे फक्त बूट दिसतात, धाकटा तर नाहीच. ते वरच्या भिंगातून बघत होते, तिथे तुम्ही तिघंही स्वच्छ दिसत होतात. हात फक्त खालच्या भिंगाला दिसत होता. इतक्या वर्षांत हुडाऐवजी हात धरायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

फोटो यायच्या आधीच, जानेवारीत, डावा डोळाही गेला. आता त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो.

"कसं आल्यात?" त्यांनी विचारलं.

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. ठरवून सरळ बोलणारी बाई मी. मी म्हणाले, "छान आलेत."

"केसांच्या कडा?"

"उजळल्यात."

"धाकटा हलला आसंल."

"नाही, नीट उभा आहे."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते एक फोटो हातात घेतात आणि मी त्यात काय आहे ते सांगते. बारा संपल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि आधी काय सांगितलं होतं ते मला आठवेना. म्हणून आता प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवलंय: कोण हसतंय, कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर.

रविवारी फोनवर आबा तुम्हाला विचारणार आहेत, फोटो बघितलं काय म्हणून. तुम्ही तिघांनी काय बोलायचं ते मी लिहून देणार होते. दोनदा कागद घेतला, दोनदा फाडला. मला सुचत नाही. एकाने खरं सांगितलं तर काय होईल, तेही कळत नाही.

फोटो सोबत पाठवते आहे. आबांसाठी दुसऱ्या प्रती काढून घेतल्यात. मागचं आधी वाचा. सातव्याच्या मागे लिहिलंय की धाकट्याने जीभ बाहेर काढली आहे. ते बनवून लिहिलेलं नाही. मी शेजारीच उभी होते, मी पाहिलं होतं.